कोर्टाची पायरी

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. ही म्हण नीट ऐकली तर एक गोष्ट ध्यानात येते. ती सांगणाराने न्यायाला नावे ठेवलेली नाहीत, न्यायाधीशालाही ठेवलेली नाहीत; त्याने बोट ठेवले आहे ते पायरीवर. न्याय वर कोठेतरी आहे, असेलही, पण तेथवर जाणारी वाट गरिबाचे गुडघे मोडणारी आहे, एवढेच तिचे म्हणणे.

ही पायरी कोणी बांधली, ती किती उंच होती, आणि ती उतरती करण्याचा कोणी कधी प्रयत्न केला की नाही, हा खरोखर इतिहासाचा प्रश्न आहे. आपण लढायांचा इतिहास आवडीने वाचतो. कचेऱ्यांचा इतिहास कोणी वाचत नाही. परंतु सामान्य माणसाच्या आयुष्यात लढाई एखाद्या वेळी येते, कचेरी मात्र जन्मनोंदीपासून वारसनोंदीपर्यंत पाठ सोडीत नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सरल्यावर घटकाभर आमच्या परभणी जिल्ह्यातील न्यायदानाची कहाणी ऐकावी, अशी वाचकांना विनंती आहे.

अगदी जुन्या काळी पायरीच नव्हती. गावचा तंटा गावच्या पारावर किंवा चावडीत गोतसभेपुढे येई. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्या जोडीला बलुतेदारही बसत. निवाडा झाला म्हणजे त्याचा कागद व्हावयाचा. त्याला महजर म्हणत. ज्यांना लिहिता येत नसे ते त्यावर आपली निशाणी करीत. पाटलाचा नांगर, तर सुताराचे हत्यार. न्याय सर्वांच्या देखत होई आणि सर्वांना समजेल अशा भाषेत होई, हा त्या पद्धतीचा मोठाच गुण होता. पण उगाच तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. साक्षीपुरावा तोकडा पडला की वादी-प्रतिवादींना दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढून दाखवणाऱ्याचा हात भाजला नाही तर तो खरा. शिवाय ज्याचा तंटा गावातल्या बलिष्ठांशीच असे त्याने, किंवा ज्याला पाराच्या कट्ट्यावर बसण्याचीच मुभा नव्हती त्याने, जावे कोठे? जवळचा न्याय नेहमी निःपक्षपाती असतोच असे नाही, हा धडा येथेच लक्षात ठेवलेला बरा. पुढे तो उपयोगी पडेल.

१७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर दख्खनेत निजामाची सत्ता स्थिर झाली आणि गोदाकाठचा हा मुलूख पुढे सव्वादोनशे वर्षे, मधली उलथापालथ धरूनही, बहुतांशी हैदराबादशी बांधला गेला. गावात गोतसभा चालत राहिली, पण तिच्यावरची सत्ता फारसीत बोलू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर हैदराबाद राज्याची घडी पार विसकटली होती. तालुकदार हा मुलूखच मक्त्याने घेई. सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तेवढे काढायचे, असा तो व्यवहार. वसुली त्याची, शिपाई त्याचे आणि न्यायही त्याचाच. अशा माणसापुढे सारा जास्त घेतल्याची तक्रार घेऊन जाणे म्हणजे लांडग्याकडे शेळीची दाद मागण्यासारखेच होते.

ही घडी बसवायला घेतली ती पहिल्या सालारजंगाने. मीर तुराब अली खान हे त्याचे नाव. १८५३ मध्ये तो दिवाण झाला तेव्हा विशीतला तरुण होता, आणि १८८३ मध्ये मरेपर्यंत त्याने तीस वर्षे राज्य सावरले. त्याने मक्ते मोडले आणि तालुकदारांना पगारी नोकर केले. १८६५ च्या सुमारास त्याने जी व्यवस्था लावली तिला जिल्हाबंदी म्हणतात. जिल्हे ठरले, तालुके ठरले, प्रत्येक तालुक्यावर तहसीलदार आणि जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आला. राजधानीत वरिष्ठ अदालती उभ्या राहिल्या. निकालावर अपील करता येते, आणि ते कोणाकडे करावयाचे हे ठरलेले असते, ही कल्पना आमच्या भागात खऱ्या अर्थाने रुजली ती या काळात. आज आपल्याला तिचे काही वाटत नाही. पण पहिल्या हुकमाच्या वर दुसरा कान आहे, हे रयतेला कळणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही मोठी खोट राहिलीच. सारा वसूल करणारा आणि न्याय देणारा हात जिल्ह्यात एकच होता. तहसीलदार सकाळी बाकी वसूल करी आणि दुपारी त्याच गादीवर बसून फिर्याद ऐके. ही खोट एकट्या निजामाच्या राज्यात होती असे समजू नये. इंग्रजी मुलखातही बंगालमध्ये १७९३ साली कॉर्नवॉलिसने कलेक्टरकडून न्यायाचे काम काढून घेतले खरे, पण ती घडी पुढे मोडली आणि कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेटही, असा प्रकार देशभर रूढ झाला. राष्ट्रीय सभेने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात कारभार आणि न्याय ही खाती वेगळी करा अशी मागणी केली आणि नंतर वर्षानुवर्षे ती लावून धरली. इंग्रज सरकारने तिच्याकडे काणाडोळाच केला.

आणि येथे इतिहास आपली गंमत करतो. जी गोष्ट इंग्रजांनी केली नाही ती हैदराबाद संस्थानात झाली. १९२१ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने न्यायखाते कारभारापासून अलग करण्यात आले. तालुकदार-तहसीलदारांचे न्यायाचे अधिकार निघून ते मुन्सफांकडे आणि जिल्हा न्यायाधीशांकडे गेले. शेजारच्या मुंबई इलाख्याला असा कायदा करायला १९५१ साल उजाडले, आणि साऱ्या देशासाठी ही विभागणी पक्की झाली ती नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून. ज्या राजवटीविरुद्ध आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने लाठ्या खाल्ल्या, तिच्या पदरात हे श्रेय टाकताना जीभ अडखळते. पण इतिहास लिहावयाचा तर हिशेब चोख हवा. दिवाळीच्या वहीपूजनाला बसलेला व्यापारी नावडत्या माणसाची जमासुद्धा जमेच्याच बाजूला लिहितो.

मात्र नावेच्या बाजूलाही पुष्कळ लिहावे लागते. राज्याचा फार मोठा भाग जहागीरदारांच्या आणि पायगांच्या ताब्यात होता आणि तेथे खालसा मुलखातले नियम पातळ होत. सर्वांच्या वर निजामाची मर्जी होतीच. आणि सर्वांत उंच पायरी होती ती भाषेची. १८८० नंतरच्या दशकात कचेऱ्यांतून फारसी गेली, पण तिच्या जागी मराठी आली नाही, उर्दू आली. उर्दू गोड भाषा आहे. उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून त्या भाषेत उच्च शिक्षण द्यायला घेतले आणि कायद्यासारखा रुक्ष विषयही तिच्यात बसवला, हा देशी भाषेचा पराक्रमच म्हणावयाचा. पण परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या शेतकऱ्याला तिचा काय उपयोग? तो मराठीत भांडे, मराठीत रडे आणि त्याचा दावा लिहिला जाई उर्दूत. समन्स हाती पडले की ते वाचून घेण्यासाठी मुन्शी गाठायचा. अर्ज द्यायचा तर अर्जनवीस गाठायचा. साक्षीत आपण काय बोललो आणि कागदावर काय उतरले, हे अंगठा उठवणाराला शेवटपर्यंत कळत नसे. आपल्याच तंट्यात आपण परके!

त्या काळाचे पुरावे अजून घरोघर आहेत. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढली की तळाशी पिवळे पडलेले स्टॅम्पाचे कागद निघतात. वरती निजामी शिक्का, खाली नस्तालिक अक्षरांच्या ओळी, आणि मिती पाहावी तर आजूर, दै, बहमन अशा महिन्यांची. हे फसली साल. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघते. हैदराबादेतील जहागिरी नाहीशा करणारा १५ ऑगस्ट १९४९ चा कायदासुद्धा 'सन १३५८ फसली' याच नावाने ओळखला जातो. घरातली मुले विचारतात, यात काय लिहिले आहे? घरात कोणाला वाचता येत नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी धुंडाळायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. आपल्याच पूर्वजांचा कागद वाचायला आपल्यालाच दुभाषा लागतो. भाषेची पायरी किती उंच होती हे यावरून समजावे.

या परिस्थितीतही येथील वकीलवर्गाने आपले काम केले. उर्दूत शिकलेले हे वकील लोकांच्या चळवळीत पुढे होते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूरला, आणि परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होते. पुढे रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा, १९४८ मध्ये, विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने हैदराबाद राज्यातील पुष्कळ वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. ज्याचे पोट कोर्टावर, त्यानेच कोर्टाकडे पाठ फिरवली. जेथे कायद्याचेच राज्य उरले नाही तेथे युक्तिवाद कोणापुढे करावयाचा, हा त्यांचा सवाल होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले. त्यानंतरची दोन-तीन वर्षे न्यायालयांच्या दृष्टीने मोठ्या धांदलीची गेली. जहागिरी गेल्या. राज्यघटना आली. १९५१ मध्ये हिंदुस्थानचे दिवाणी आणि फौजदारी कायदे हैदराबादलाही लागू झाले. ज्यांची हयात उर्दू कलमे पाठ करण्यात गेली त्या वकिलांना आणि कारकुनांना पुन्हा धुळाक्षरे गिरवावी लागली. त्यातच १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आला. त्याने कुळाला जमिनीचे संरक्षण दिले, हे फार मोठे काम झाले. परंतु कुळाचे तंटे दिवाणी कोर्टात अडकून पडू नयेत म्हणून ते तहसील कचेरीकडे सोपवले. हेतू चांगला, पण १९२१ मध्ये ज्या गादीवरून न्याय उठवला होता, जमिनीपुरता तो पुन्हा त्याच गादीवर येऊन बसला. आणि शेतकऱ्याच्या जिल्ह्यात जमिनीपुरता म्हणजे बहुतेक सगळाच! सुधारणा अशीच चालते; एक पायरी खाली येते तेव्हा दुसरी कोठेतरी वर चढत असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण पुढेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. मराठी माणूस मराठी माणसाला मिळाला, गावोगाव आनंद झाला. त्या आनंदात एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आमचे हायकोर्ट दूर गेले. हैदराबादचे हायकोर्ट म्हणजे मुसा नदीकाठची ती लाल-पांढऱ्या दगडांची, १९२० मध्ये खुली झालेली देखणी इमारत. परभणीहून गाडीत बसावे, नांदेड, निजामाबाद करीत सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर सिकंदराबादला उतरावे. कामाच्या पक्षकाराला हा रस्ता पाठ झाला होता. आता हायकोर्ट मुंबईला, सुमारे साडेपाचशे किलोमीटर. आमची लोहमार्गाची पट्टी मीटरगेज, मुंबईची ब्रॉडगेज. मनमाडला उतरायचे, बोजाबिस्तरा घेऊन फलाट बदलायचा, पुढची गाडी मिळेल तेव्हा मिळेल. मुंबईत ना ओळख, ना उतरायला ठिकाण. वकील अनोळखी, आणि कामकाज इंग्रजीत.

जिंतूरकडच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचा विचार करा. जिल्हा कोर्टात दोन-चार एकरांचा दावा तो हरला. हायकोर्टात अपील करायला त्याला नव्वद दिवस आहेत. निकालाच्या नकला काढायच्या, कागदांची इंग्रजी भाषांतरे करून घ्यायची, मुंबईचा वकील पाहायचा, प्रवास, राहणे, खाणे. तो हिशेब मांडतो आणि त्याच्या ध्यानात येते की जमीन वाचवायला जमिनीएवढाच पैसा लागणार. तो गप्प बसतो. कागदोपत्री निकाल कायम झाला. पण तो पटला म्हणून नव्हे, भाडे परवडले नाही म्हणून. अशा गप्प बसलेल्या माणसांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. न्यायाच्या इतिहासातील सर्वांत मोठे प्रकरण हेच, आणि ते कोरे आहे.

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भासाठी हायकोर्टाचे दुसरे पीठ नागपूरला ठेवण्याचे ठरले होते, आणि ते झालेही. मराठवाड्याला मात्र पंचवीस वर्षे थांबावे लागले. वकिलांनी आणि लोकांनी मागणी लावून धरली. १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव करून तिला पाठिंबा दिला. शेवटी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बसू लागले. त्यावरही दावा झाला. असे बसता येते की नाही हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. परभणीचे अंतर साडेपाचशेवरून एकदम पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटरांवर आले. सकाळी निघालेला माणूस काम आटोपून रात्री घरी भाकरी खायला येऊ लागला. राज्यघटनेतील मोठमोठ्या शब्दांचा अर्थ कधी कधी असा एका भाकरीएवढाच असतो, आणि तेवढाच पुरेसा असतो. अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याच कायद्याच्या आधारे कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे बसणे सुरू झाले, तेव्हा आमच्याकडच्या जुन्या मंडळींना आपले १९८१ साल आठवल्यावाचून राहिले नसेल.

भाषेची पायरीही हळूहळू उतरली. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली, आणि २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. हायकोर्टात अजून इंग्रजीच आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवाद आता वाचायला मिळतात. गमतीची गोष्ट अशी की मराठी न्यायालयात आली तरी वकील, दावा, फिर्याद, जामीन, जप्ती, दस्तऐवज आणि तारीख हे पाहुणे गेले नाहीत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरी ते राहिले होते. ते आता घरचेच झाले आहेत.

त्यांपैकी 'तारीख' हा शब्द मात्र अजून छातीवर बसतो. सारा वसूल करणारा हात वेगळा झाला, भाषा आपली झाली, हायकोर्ट जवळ आले. उरली ती काळाची पायरी. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत आज चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितले होते की दर दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास हवेत. आज इतक्या वर्षांनी आपण त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेलो नाही. उपाय होत नाहीत असे नाही. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतीला अधिष्ठान मिळाले. तेथे तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते आणि पुढे अपीलही नसते. २००७ पासून ई-कोर्ट्सची योजना चालू आहे. तिच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. आपल्या प्रकरणाचा सोळा अक्षरांचा क्रमांक मोबाईलमध्ये घातला की पुढची तारीख गंगाखेडच्या बाजारातही कळते. तारखेला जाऊन 'साहेब रजेवर आहेत' हे ऐकण्यासाठी एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी घालवणे ज्यांनी सोसले आहे, त्यांना या एका सोयीचे मोल विचारावे.

पण या कहाणीने दिलेले धडे विसरून चालावयाचे नाही. लोकअदालत म्हणजे एक प्रकारे गोतसभेचाच नवा अवतार. तेथेही दुबळ्याने थकून 'असू द्या, मिटवून टाका' म्हटले तर ती तडजोड नव्हे, माघार होय. मोबाईल चालवता न येणाऱ्या म्हातारीच्या हाती संगणकाची चिठ्ठी देणे आणि तिच्या आजीच्या हाती उर्दू समन्स देणे, यांत फार अंतर नाही. तिला ती वाचून दाखवणारा माणूस कचेरीत बसलेला हवा. नवी सोय आली म्हणजे जुनी पायरी गेली की नुसतीच दुसरीकडे सरकली, हे दर वेळी पाहावे लागते.

आणि ते पाहण्याची जागा इमारत नव्हे, खर्चाचा आकडाही नव्हे. रांगेच्या शेवटी जो माणूस उभा आहे, त्याला आपल्या दाव्यात काय चालले आहे ते कळते का, तेथवर पोहोचणे त्याला परवडते का, आणि निकाल त्याच्या हयातीत लागतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. सालारजंगाच्या काळी यांतील एकाचेही उत्तर होकारार्थी नव्हते. आज पहिल्या दोहोंचे उत्तर पुष्कळसे होकाराकडे झुकते आहे. तिसऱ्याचेही तसे होईल, त्या दिवशी ही जुनी म्हण आपण मुलांना शिकवण्याचे बंद करू. शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये हे ठीक. पण नाडलेल्या माणसाला ती चढता आली पाहिजे.